कणकेचा काना

‘अ’ काढताना लहान मुलाच्या हाताला काय काय करावं लागतं, ते एकदा सावकाश बघा. आधी वरची अर्धगोल कमान. ती पुरी होते न होते तोच उलटं वळून खालची कमान. मग दोन कमानींच्या सांध्यातून उजवीकडे एक आडवी रेघ, तिच्या टोकाला वरून खाली उभी रेघ, आणि सगळ्यांच्या डोक्यावर शिरोरेघ. म्हणजे चार वेगळ्या हालचाली, प्रत्येक वेळी पेन्सिल उचलून नेमक्या जागी परत टेकवणं आणि मधे एकदा दिशा बदलणं. ‘इ’ तर याहून अवघड, कारण तिथे वळणावर वळण आहे. हे झालं अंकलिपीचं पहिलं पान. पाटी हातात आली की साडेतीन वर्षांच्या पोराला आपण नेमकं इथूनच सुरू करायला लावतो आणि चार दिवसांनी म्हणतो, याला लिहायचा कंटाळाच आहे.

वर्णमाला लावणाऱ्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी ती तोंडाच्या हिशेबाने लावली. व्यंजनं घशापासून ओठांपर्यंत क्रमाने येतात आणि स्वर जोडीजोडीने येतात. उच्चाराच्या दृष्टीने इतकी नेटकी मांडणी क्वचितच सापडेल. पण तोंडाला सोपं ते हाताला सोपं असेलच असं नाही. शिवाय पूर्वी अक्षरओळख साधारण पाचव्या वर्षी व्हायची, तीही धूळपाटीवर बोटाने. आता ती तिसऱ्या वर्षावर आली आणि बोटाच्या जागी टोक काढलेली पेन्सिल आली.

तिसऱ्या वर्षी हात कसा असतो? मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात. पहिल्या वर्षात क्ष-किरणांच्या चित्रात साधारण दोनच दिसू लागतात, आणि शेवटचं हाड दिसायला मूल नऊ ते बारा वर्षांचं व्हावं लागतं. रेघांचंही वय असतं. दोन वर्षांच्या आसपास मूल आपलं बघून उभी रेघ ओढतं, अडीचच्या सुमारास आडवी, तिसऱ्या वर्षी गोल. अधिकचं चिन्ह चौथ्या वर्षी जमतं, चौकोन साडेचार-पाचला आणि तिरप्या रेघांचा त्रिकोण त्याच्याही नंतर. थोडं मागेपुढे होतं, पण क्रम बहुधा हाच राहतो. अंगठा आणि तर्जनीची चिमूट वर्षाच्या आतच जमलेली असते. जमिनीवरचा मुरमुरा उचलून तोंडात घालणारं बाळ सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण तीन बोटांत पेन्सिल धरून फक्त बोटं हलवायची, मनगट टेकलेलं ठेवायचं, हे कसब चार ते सहा वर्षांच्या दरम्यान येतं. त्याआधी मूल खांद्यातून लिहितं. मुठीत खडू धरून फरशीवर वावभर रेघा मारणारं पोर चुकत नसतं, त्या वयाचा हात तसाच चालतो.

आता मराठीतले स्वर दुसऱ्या बाजूने पाहू. प्रत्येक स्वराची दोन रूपं असतात. एक स्वतंत्र अक्षर (आ, ई, ऊ, ए) आणि दुसरं व्यंजनाला चिकटणारं चिन्ह. ही चिन्हं काय आहेत? काना म्हणजे उभी रेघ. मात्रा म्हणजे डोक्यावरची तिरपी रेघ. अनुस्वार म्हणजे टिंब. चंद्र म्हणजे अर्धगोल, वेलांटी म्हणजे कान्यावर टाकलेली कमान, उकार म्हणजे पायाशी दिलेला छोटा आकडा. हात तयार करण्यासाठी बालवाडीत ज्या रेघोट्या मारून घेतात, त्या जवळजवळ सगळ्या इथे स्वरचिन्हं होऊन बसल्या आहेत. म्हणून माझं मत असं की मराठी मुलाला स्वर शिकवायचे तर अ-आ-इ-ईच्या अक्षरांपासून सुरू करू नये. आधी काना द्यावा, वेलांटी द्यावी. स्वराक्षरं मागाहून आली तरी काही बिघडत नाही.

(सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत ‘अ’चीच बाराखडी सुचवली होती: अि, अी, अु, अू, अे. त्यांचा हेतू छपाईचे खिळे कमी करण्याचा होता आणि ती पद्धत सर्वत्र रुजली नाही. पण चार वर्षांच्या मुलाच्या हाताला विचारलं असतं, तर त्याने सावरकरांच्याच बाजूने कौल दिला असता.)

कानाचा प्रश्न आणखी निराळा आहे. ‘मा’ ऐकल्यावर त्यात म् आणि आ असे दोन आवाज आहेत, हे आपल्याला कळतं ते आपण वाचायला शिकलो म्हणून. मुलाला ‘मा’ हा एकच आवाज ऐकू येतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. कन्नड लिपीची घडणही आपल्यासारखीच, व्यंजनाभोवती स्वरचिन्ह लावण्याची. त्यात दिसलं की अक्षराएवढा तुकडा मुलांना लवकर ओळखता येतो, पण त्याच्या पोटातला व्यंजन आणि स्वर वेगळा करणं बरंच हळूहळू येतं, आणि सगळी स्वरचिन्हं पक्की व्हायला शाळेची काही वर्षं जातात. त्यामुळे पहिलीच्या दिवाळीपर्यंत बाराखडी झाली पाहिजे, हा हट्ट त्या मुलांच्या वेगाशी जुळत नाही. आणि म्हणूनच हात कामाला लावायचा. कानाला जो तुकडा सुटा करता येत नाही, तो हाताने उचलून बाजूला ठेवता येतो.

त्याला फार सामान लागत नाही. पोळ्यांच्या कणकेतला लिंबाएवढा गोळा घ्या. थोडं मीठ आणि तेलाचं बोट लावून तो मळून घेतला की हाताला चिकटत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर म, क, ब, द, न ही अक्षरं हाताच्या पंजाएवढी मोठी लिहा. आता मुलाला पोळपाटावर कणकेची वळी करू द्या. तळहाताने पुढे-मागे, पेन्सिलीएवढी जाड. एक टोक जाड, एक बारीक होतं, मधेच तुटते, परत गोळा करावा लागतो. होऊ द्या. हाच व्यायाम आहे. वळी झाली की ‘म’च्या उजवीकडे उभी ठेवायची आणि तोंड उघडून म्हणायचं, ‘मा’. उचलली की ‘म’. ठेवली की ‘मा’. पाच-सहा वेळा ठेव-उचल झाली की मूल आपणहून ती वळी ‘क’शेजारी नेतं आणि तुमच्याकडे बघतं. ‘का’ हा आवाज ते स्वतः काढतं. त्या क्षणी त्याला कळलेलं असतं की तो ‘आ’ वळीत आहे आणि वळी कुठेही नेता येते.

एकाच कान्यावर मराठीतलं अर्धं घर उभं राहतं: मामा, काका, बाबा, दादा, नाना. मुलाला हे शब्द शिकवावे लागत नाहीत, त्यातली माणसं दाराशी येऊन उभी असतात. मग वळीचं टोक डावीकडे वाकवून अक्षराच्या डोक्यावर कमान टाकायची, झाली दुसरी वेलांटी. काकाच्या दुसऱ्या ‘का’चा काना काढून तिथे ही ठेवली की काकी येते. मामाची मामी होते. दादाची दीदी करताना दोन्हीकडे बदलावं लागतं, ते पोरांना भलतंच आवडतं.

कणकेचा एक फायदा मला इतर साधनांत दिसत नाही. काना करायला अख्खा तळहात लागतो. वेलांटी वाकवायला बोटं लागतात. मात्रेसाठी वळीचा बारीक तुकडा चिमटीत तोडून शेवईसारखा करावा लागतो, आणि टिंबासाठी बाजरीएवढी गोळी बोटांच्या टोकांत फिरवावी लागते. हात वाढतो तोही याच क्रमाने, तळव्याकडून टोकाकडे. म्हणून आधी काना, मग वेलांटी आणि उकार, मग मात्रा आणि शेवटी टिंब असं गेलं तर हाताची तक्रार येत नाही.

वरती मी दुसरी वेलांटी म्हटलं, ते मुद्दाम. बाराखडीत पहिली वेलांटी आधी येते, पण ती फसवी आहे. ‘कि’ म्हणताना क आधी आणि इ नंतर ऐकू येते, लिहिताना मात्र वेलांटी अक्षराच्या डावीकडे, म्हणजे आधी बसते. मुलाच्या हातात वेलांटी दिली आणि ‘मि’ करायला सांगितलं, तर ते ती उजवीकडेच ठेवणार. त्याने जसं ऐकलं तसं ते ठेवतं. मोठ्यांनाही हा खडा लागतोच. हिंदी वाचणाऱ्यांवर ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या डावीकडच्या वेलांटीचे शब्द वाचायला जास्त वेळ लागल्याचं आढळलं. मराठीत तर दुसरी वेलांटी आधी घेण्याला आणखी एक आधार आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा. ‘आणि’सारखे मोजके अपवाद सोडले तर आजी, माती, भाजी, पाटी, लाडू, काजू, चाकू सगळे दीर्घच. म्हणजे दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार एवढ्यावर मुलाच्या रोजच्या बोलण्यातले ढीगभर शब्द तयार होतात. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आपल्या बोलण्यात तसाही फार उरलेला नाही. जो कानाला ऐकूच येत नाही तो भेद चौथ्या वर्षी कशाला?

आता तोंड. स्वर म्हणजे तोंडाच्या पोकळीचा आकार, वाटेत कुठे अडथळा नाही. हे सांगण्यापेक्षा चाचपून बघण्यासारखं आहे. मुलाला हनुवटीखाली स्वतःचा पालथा हात धरायला सांगा आणि ‘ई, आ, ई, आ’ म्हणायला लावा. ‘आ’ला हात खाली ढकलला जातो. मग ओठांसमोर तर्जनी धरून ‘ई, ऊ’. ‘ऊ’ला ओठांचा चंबू बोटाला येऊन टेकतो, ‘ई’ला ओठ ताणून मागे जातात. हातात छोटा आरसा असेल तर ‘ऐ’ आणि ‘औ’ची गंमत दिसते. बाकीच्या स्वरांत ओठ एका जागी थांबतात, या दोघांत ते मधेच हलतात, कारण ते मुळात अइ आणि अउ आहेत. ‘ऋ’ मात्र खुशाल मागे ठेवा. मराठी तोंडात तो केव्हाच ‘रु’ झाला आहे, त्याचं स्वर असणं आता कागदावरच. उलट २००९ च्या शासननिर्णयाने वर्णमालेत घेतलेले ॲ आणि ऑ मुलाच्या तोंडी दिवसभर असतात: बॅट, बॅग, बॉल, डॉक्टर. बाराखडीची चौदाखडी झाली म्हणून कुरकुरणाऱ्यांनी एकदा बालवाडीच्या दारात उभं राहून मुलांचं बोलणं ऐकावं.

आवाज ओळखू यायला लागला की मणी काढायचे. तीन वाट्या, तीन रंग: लाल म्हणजे आ, पिवळा म्हणजे ई, निळा म्हणजे ऊ. सुतळीच्या टोकाला मेण किंवा चिकटपट्टी लावून ते कडक करायचं. तुम्ही शब्द म्हणायचा, मुलाने ऐकू येईल त्या स्वराचा मणी ओवायचा. ‘मामा’ला लाल, लाल. ‘आजी’ला लाल, पिवळा. ‘काजू’ला लाल, निळा. एका हाताने मणी स्थिर धरायचा आणि दुसऱ्याने दोरा आत घालायचा, या दोन हातांच्या दोन वेगळ्या कामांतच पुढे पाटी धरून लिहिण्याची तयारी होते. सुरुवातीला शब्द मात्र निवडून घ्या. ‘घर’, ‘कमळ’ यांच्या शेवटचा अ आपण लिहितो पण उच्चारत नाही. ‘चिमणी’तला मधला अही गिळतो. असे शब्द दिले की मूल विचारतं, इथे मणी घालू का? आणि उत्तर देताना आपलीच पंचाईत होते. मणी, चिंचोके, वाटाणे यांबाबत एकच पथ्य आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात ते देऊ नयेत आणि मोठ्यांनाही आपण समोर बसल्याशिवाय देऊ नयेत. नाकात आणि घशात जाणाऱ्या वस्तूंत यांचा नंबर वरचा.

स्पर्शाने अक्षर शिकवण्याची कल्पना जुनी आहे. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. तिथली मुलं पॉलिशपेपरची अक्षरं बोटाने गिरवत आणि गिरवताना त्याचा आवाज काढत. हे आपल्याकडे आलं ते भावनगरच्या गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरामार्गे. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी होत्या, आणि १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी पुढे १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि मग ते काम कोसबाडच्या वारली पाड्यांत गेलं. माँटेसरींची लाकडी, मोजूनमापून केलेली साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग खडे, शिंपले, बिया, पानं, काटक्या हीच साधनं झाली. मला यात काटकसरीहून मोठी गोष्ट दिसते. खडा, बी, पान या प्रत्येकाला बोटांची पकड वेगळी लागते, आणि एकसारख्या घोटीव ठोकळ्यांत ते वैविध्य नसतं.

माँटेसरींच्या अनुभवाला पुढे प्रयोगांचंही पाठबळ मिळालं. फ्रान्समध्ये फ्लोरान्स बारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली पाचेक वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, उठावाची अक्षरं बोटाने चाचपून शिकलेली मुलं नुसती बघून शिकलेल्यांपेक्षा नवे, बनावट शब्द वाचण्यात पुढे गेली. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरं हाताने काढून घेतली, काही ठिपक्यांवरून गिरवून घेतली, काही कळफलकावर दाबून घेतली आणि मग ती अक्षरं बघताना मेंदूत काय होतं ते पाहिलं. वाचनाशी संबंधित भाग हाताने स्वतः काढलेल्या अक्षरांना जास्त जागे झाले, गिरवलेल्यांना तसे झाले नाहीत. प्रयोग लहान होता आणि अक्षरं रोमन, तेव्हा त्यावर मजले चढवू नयेत. पण ठिपके जोडून अक्षर पुरं करायच्या वह्या आपण मुलांपुढे थप्पीने टाकतो, त्यांच्याकडे जरा संशयाने बघायला हरकत नाही. ठिपके कुठे जायचं ते सांगतात, त्यामुळे मुलाला अक्षराचा आकार आठवावा लागत नाही. रव्याच्या ताटात बोटाने वाकडीतिकडी काढलेली वेलांटी त्याहून बरी. हलवलं की ताट कोरं होतं, खोडरबराची भानगड नाही.

रांगोळी मूल थोडं मोठं झाल्यावर, पाचव्या वर्षानंतर. चिमटीतून पूड किती सोडायची यावर अंगठ्याचा ताबा लागतो. तो यायला वेळ जातो आणि तोवर दारात ढिगारे होतात. ठिपक्यांची रांगोळी सोडून आधी नुसत्या उभ्या कान्यांची रांग काढू द्या.

भिंतीवरचे चित्रतक्ते हा एक वेगळाच प्रकार. ‘इ’ इमारतीचा दाखवला की पोर म्हणतं बिल्डिंग. ‘ई’ ईडलिंबाचा, ते त्याच्या आईनेही पाहिलेलं नसतं. ‘उ’ उखळाचा, ‘ऐ’ ऐरणीचा, ‘औ’ औताचा. चित्र ओळखता आलं नाही की त्यातून आवाज कसा सापडणार? इडली, उंदीर, ऊस, एक, ओठ, औषध एवढ्यावर काम भागतं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी फोनिक्सचे संच मिळतात आणि त्यांतले खेळ चांगले असतात. पण ते जसेच्या तसे मराठीला लावले की फसतात. इंग्रजीत स्वर हा ओळीत बसलेला एक सुटा मणी आहे. पाच अक्षरांवर वीसच्या आसपास स्वरध्वनींचा भार असल्याने तिथे एका अक्षराचे अनेक आवाज शिकवण्यात वर्ष जातं. मराठीत ती अडचण जवळपास नाहीच. आपली अडचण जागेची आहे. स्वर उजवीकडे बसतो, डावीकडे बसतो, डोक्यावर बसतो, पायाशी बसतो, आणि ‘को’मध्ये तर उजवीकडे आणि वर असा दोन्हीकडे बसतो. म्हणून ओळीत ठोकळे मांडायच्या खेळापेक्षा मधे अक्षर ठेवून चारी बाजूंना मोकळी जागा देणारा पाट किंवा ताट आपल्याला जास्त उपयोगी.

पेन्सिल कधी द्यायची, हा प्रश्न आया हटकून विचारतात. मूल कपडे वाळत घालायचा चिमटा अंगठा आणि तर्जनीने दाबून उघडू शकतं का, शर्टाचं बटण स्वतः लावतं का, बघून गोल आणि अधिक काढतं का, एवढं बघावं. हे जमत असेल तर द्यावी, तीही आखूड, बोटभर तुकडा. लांब पेन्सिल मुठीत मावते, तुकडा धरायला बोटंच लागतात. पाटीवरची पेन्सिल किंवा खडूचा तुकडा कागदावरच्या पेन्सिलीपेक्षा चांगला, कारण खरखरीत पाटी बोटाला थोडा विरोध करते आणि रेघ कुठे चालली ते हाताला कळतं.

मूल डावखुरं निघालं तर उजव्या हातात पेन्सिल कोंबू नका. जेवणाची सवय वेगळी, लिहिणं वेगळं. डावखुऱ्याचा हात लिहिलेल्या अक्षरावरूनच पुढे सरकतो, त्यामुळे पाटीवर त्याचा काना मनगटाने पुसला जातो आणि बाही पांढरी होते. पाटी त्याच्या डाव्या बाजूला सरकवा आणि तिचं वरचं टोक थोडं उजवीकडे कलतं ठेवा, म्हणजे हात ओळीच्या खाली राहतो. शिरोरेघ तो बहुतेक उजवीकडून डावीकडे ओढेल. ओढू द्या, अक्षर तेच होतं.